मदतनीस म्हणजे अर्धवट शिक्षक नव्हे

शाळेत असिस्टंट म्हणून लागू का, असा साधा प्रश्न माझ्या भाचीने घरात विचारला आणि तासाभरात घराचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, शिक्षक व्हायचं असेल तर सरळ शिक्षक हो ना, हे मधलंच काय काढलंस, ना धड बाई ना धड मावशी, आणि पगार तर विचारूच नको. दुसऱ्या तटाचं म्हणणं, अहो पोरीचा जीव रमतो लहान मुलांत, माया आहे तिच्याकडे, अजून काय लागतं? मी आपली गप्प बसून ऐकत होते, कारण त्या खुर्चीत मी स्वतः काही वर्षं काढलीत, आणि मला दोन्ही तटांचा सारखाच राग येत होता. नीट कान दिला तर दोघं एकच बोलत होते. ह्या कामात शिकण्यासारखं काही नाही, हे दोघांनी न बोलता धरूनच चाललं होतं. एकाला म्हणून ते हलकं वाटतं आणि दुसऱ्याला म्हणून सोपं वाटतं, एवढाच काय तो फरक.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग भांडू. शाळेतल्या मदतनिसाचं काम म्हणजे शिक्षकाच्या कामाचा स्वस्तात कापलेला तुकडा, ही समजूत मुळात चुकीची आहे. त्या कामाला स्वतःचं कसब आहे, आणि ते कसब निम्म्याहून जास्त हात मागे घेण्याचं आहे, जे पुढे करण्यापेक्षा कितीतरी अवघड. गाण्याच्या साथीसारखं समजा. पेटीवाल्याला सगळं वाजवता येत असतं, पण गायक सुरापाशी पोचायच्या आतच त्याने तो सूर दाबून ठेवला तर त्याला कुणी साथ म्हणेल का? म्हणून ह्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने 'माझ्याकडे डिग्री आहे का' आणि 'मला मुलं आवडतात का' ह्या दोन प्रश्नांच्या आधी तिसराच प्रश्न विचारायला हवा: इथे मला हे काम शिकवणार कोण, आणि त्यासाठी वेळ कुठून काढणार?

आधी नावाचाच घोळ बघा. मराठीत सहशिक्षक म्हटलं की तो पूर्ण शिक्षकच असतो, म्हणजे असिस्टंट टीचर हा शब्द आपण आधीच दुसऱ्या माणसाला देऊन बसलोय. मग उरलं काय तर हेल्पर, मदतनीस, शॅडो टीचर, नाहीतर सरळ मावशी. इंग्लंडात टीचिंग असिस्टंट म्हणतात, अमेरिकेत पॅराप्रोफेशनल, बोलताना नुसतं पॅरा. आणि ह्या एकाच नावाखाली मागे पडलेल्या पाच मुलांचं वाचन घेणं येतं, एका मुलाबरोबर दिवसभर वर्गात बसणं येतं, व्हीलचेअर ढकलणं, शूला नेणं, कपडे बदलणं, फिट आली तर काय करायचं ते माहीत असणं, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात एकट्या उभ्या राहिलेल्या मुलीकडे लक्ष ठेवणं आणि वर झेरॉक्स काढून आणणं, हे सगळं येतं. नर्सरीतल्या मावशींना कुणी विचारलं की तुमचं नेमकं काम काय, तर त्या हसतात. हसण्यासारखंच आहे ते.

आता मायावाल्या तटाकडे आधी वळते, कारण त्यांच्यावर टीका करायला कुणी धजत नाही. माझा पहिला दिवस सांगते, शाळेचं नाव नको. वर्गाच्या दारापर्यंत मला कुणीतरी आणून सोडलं, बाईंचं तोंड फळ्याकडे होतं, त्यांनी खडू धरलेल्या हातानेच खूण केली, तिथे बसा. खुर्ची एका मुलाच्या बाकाला अगदी खेटून ठेवलेली. आठ वर्षांचा मुलगा, वाचताना अडखळायचा, पण डोळे फार चलाख. 'ह्याच्याकडे बघा', एवढीच सूचना. आता बघा म्हणजे काय? मी बघितलं. त्याने वेलांटी पहिली काढली की दुसरी ते बघितलं, चुकली की खोडरबर माझ्याच हातात होता, मी खोडायची, तो परत लिहायचा, परत चुकायचा, मग मी हळूच ठिपके काढून द्यायची आणि तो त्यावरून गिरवायचा. वही बाईंकडे जायची, बरोबरची खूण होऊन परत यायची, सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की प्रश्न वाचून झाला की हा वहीकडे बघतच नाही. पेन्सिल आडवी ठेवतो आणि माझ्या हाताकडे बघत बसतो. तोंडाकडेसुद्धा नाही, हाताकडे. ठिपके कधी येतायत त्याची वाट बघत.

माया कमी पडली होती का? उलट मायेनेच घात केला होता, त्याची चूक मला बघवत नव्हती म्हणून मी ती होऊच देत नव्हते. आणि हे काही माझ्या एकटीचं पाप नाही. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली नेहमीच्या वर्गांत बसणाऱ्या अपंग मुलांचं निरीक्षण छापलं, त्या लेखाच्या नावातच सवाल होता, ही मदत आहे की नुसत्या घिरट्या? त्यांना दिसलं ते असं: मदतनीस सतत चिकटून राहिला की वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं समजेनासे होतात, बाकीची मुलं त्याच्याजवळ फिरकत नाहीत, मूल मोठ्यांवर विसंबून राहायला लागतं, आणि एक गोष्ट वाचून तर मी थांबलेच, मदतनीस बाई आहे म्हणून मुलग्याला मुलींच्या टॉयलेटमध्ये नेलं जायचं, त्याला काय वाटत असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. ह्यात कुणी दुष्ट नव्हतं हो. सगळे प्रेमळच होते. वुड, ब्रुनर आणि रॉस ह्या तिघा अभ्यासकांनी 1976 साली गरजेपुरता आधार देऊन शिकवण्याला जो शब्द वापरला, स्कॅफोल्डिंग, त्याला आपल्याकडे परांची म्हणतात, बांधकामाला बाहेरून लावतात ती. परांची कशी लावायची ते एक वेळ कुणीही सांगेल, पण कुठल्या दिवशी कुठली फळी काढायची हे ज्याला कळतं त्याला हे काम आलं म्हणायचं.

ह्यावर हमखास येणारं उदाहरण म्हणजे अंध-बहिरी हेलन केलर आणि तिला शिकवणाऱ्या सलिव्हन बाई. बघा, त्या बाईंकडे कुठली शिक्षकाची डिग्री होती, नुसती जिद्द आणि प्रेम! मला हे उदाहरण आवडतं, कारण ते बरोबर उलटं पडतं. 1887 च्या मार्चमध्ये ॲन सलिव्हन हेलनकडे पोचल्या तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या हे खरं, पण त्या पर्किन्स अंधशाळेत शिकून बाहेर पडलेल्या होत्या, स्वतःची नजर अधू होती, हातावर बोटांनी लिहायची लिपी येत होती, आणि नोकरी पक्की झाल्यावर तिथे जायच्या आधी त्यांनी काही महिने बसून डॉक्टर हाव ह्यांच्या नोंदी वाचून काढल्या होत्या, त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन ह्या अंध-बहिऱ्या मुलीला हाव ह्यांनी कसं शिकवलं त्याच्या. म्हणजे प्रेमाआधी अभ्यास. पुढे कॉलेजात त्याच बाई शेजारी बसून प्रत्येक लेक्चर हेलनच्या तळहातावर लिहायच्या, आजच्या भाषेत शॅडोच. पण 1899 च्या प्रवेशपरीक्षेला त्यांना लांब ठेवलं, पेपर दुसऱ्याच माणसाने ब्रेलमध्ये उतरवून दिले, आणि हेलन पास झाली. 1904 मध्ये पदवीधरही झाली. मदतनीस बाजूला काढल्यावर मूल उभं राहतं का, ही परीक्षा खरं तर बाईंचीही होती.

आता दुसऱ्या तटाकडे येते, आणि इथे मला बरंच कबूल करावं लागणार आहे. ह्यांच्या हातात नुसता पगाराचा मुद्दा नाही, पुरावा आहे. इंग्लंडात 2000 साली टीचिंग असिस्टंट 80 हजारांच्या आसपास होते, ते वाढत वाढत पावणेतीन लाखांच्या पुढे गेलेत. मग एवढी माणसं भरून झालं काय? 2003 ते 2008 अशी पाच-सहा वर्षं तिथे एक मोठा अभ्यास चालला, पीटर ब्लॅचफर्ड वगैरे मंडळींचा, आणि निष्कर्ष असा की ज्या मुलांना मदतनिसाची सगळ्यात जास्त मदत मिळाली त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. लगेच मनात येतं, अहो मदत मिळते तीच मुळात मागे पडलेल्या मुलांना, मग प्रगती कमीच दिसणार. पण त्यांनी आधीची पातळी आणि अडचणी लक्षात घेऊनच हिशेब केला होता, तरी तसंच. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं एक प्रयोग झाला, साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन प्रकारच्या वर्गांत वाटलेली: 13 ते 17 मुलांचा लहान वर्ग, 22 ते 25 चा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच वर्ग पण पूर्णवेळ मदतनिसासकट. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. मदतनीस असलेल्या वर्गाचा म्हणावा असा काही फायदा दिसला नाही. हे वाचून कुणी म्हणालं की मग कशाला ही नोकरी आणि कशाला हा खर्च, तर मी त्याला मूर्ख म्हणू शकत नाही.

पण जरा पुढे वाचायची तसदी घ्यायची ना. इंग्लंडातल्या त्याच अभ्यासकांनी वर्गात बसून मदतनिसांचं बोलणंही तपासलं, आणि त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न उघडा ठेवतात तर मदतनीस काम उरकायच्या मागे असतात, उत्तर पुरवतात, पान भरून घेतात. ठिपके काढून देतात, थोडक्यात. का? तर बहुतेकांना शिक्षकाशी आधी बोलायला वेळच मिळत नव्हता, आज काय शिकवणार हे त्यांना मुलांबरोबरच कळत होतं, आणि शिक्षकांनाही मदतनिसाकडून काम कसं करून घ्यायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. वर सगळ्यात अवघड मुलं दिवसचे दिवस त्यांच्याच गळ्यात, म्हणजे ज्या मुलाला सगळ्यात कसलेला शिक्षक हवा त्याच्या वाट्याला कालच लागलेली असिस्टंट. हे अपयश माणसाचं की वाटपाचं? कुणाला नुसतं वर्गात बसवून ठेवायचं, करायचं काय ते सांगायचं नाही, आणि मग फायदा का नाही झाला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही जगातली फार जुनी सोय आहे.

ह्याच्या उलट उदाहरण हवं असेल तर बालसखीचं घ्या. 'प्रथम' नावाच्या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालवलेला हा उपक्रम, 2001 ते 2003 मध्ये त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि 2007 मध्ये ती छापून आली, करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते ज्यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं. बालसखी म्हणजे आसपासच्याच वस्तीतली तरुण मुलगी, शाळा पूर्ण केलेली, शिक्षकाची डिग्री नाही. तिसरी-चौथीतली जी मुलं अक्षरं आणि आकड्यांतच अडकलीत अशी 15-20 मुलं ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची. तिला प्रशिक्षण दिलेलं, काय घ्यायचं ते ठरलेलं, कुणासाठी तेही ठरलेलं. दुसऱ्या वर्षी ज्या शाळांत बालसखी होती तिथले चाचणीचे गुण 0.28 प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं माप) वर गेले, शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा चांगलाच मानतात. आणि गंमत पुढे आहे: फायदा झाला तो मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांना, ती मुलं बाहेर गेल्यामुळे मागे वर्गात गर्दी कमी झाली त्याचा उरलेल्यांना फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे टेनेसीच्या बरोबर उलट चित्र! तिथे वर्ग लहान केला तर फायदा आणि मदतनीस ठेवला तर शून्य, इथे मदतनिसाकडून फायदा आणि वर्ग लहान झाल्याचा जवळजवळ शून्य. ह्यावरून मदतनीस चांगला की वाईट असा निकाल ज्याला काढायचा असेल त्याने खुशाल काढावा, मला तर एवढंच दिसतं की तिला काय काम दिलं ह्यावर सगळं होतं. इंग्लंडातही आता तेच म्हणतात, ठरलेला कार्यक्रम, प्रशिक्षण घेतलेला मदतनीस, लहान गट, असं असलं की वर्षाकाठी तीन-चार महिन्यांची जादा प्रगती दिसते.

मला हे सगळं पेपर वाचून कळलं नाही, खूप नंतर वाचलं. मला कळलं एका वयस्कर बाईंमुळे, त्यांनी एक दिवस मधल्या सुट्टीत मला विचारलं, तू प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतेस? मी म्हटलं, थांबते की. त्या म्हणाल्या, मोजून बघ. मोजलं तर दोन आकडेसुद्धा होत नव्हते, माझं तोंड आधीच उघडत होतं. मग मी मनातल्या मनात दहा मोजायला लागले. दहा म्हणजे काय असतं ते वर्गात बसल्याशिवाय कळायचं नाही, सहाव्या-सातव्या आकड्याला तर घाम फुटतो, मूल छताकडे बघतं, बाकीच्यांच्या वह्या मिटायला लागतात आणि तुमचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. खुर्ची मी आधी वीतभर लांब केली, मग एक बाक मागे, दिवाळीनंतर तर दोन बाकं मागे. खोडरबर त्याच्याकडे दिला. त्याने वेलांटी चुकीची काढली, मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. मग त्याने शेजारच्या मुलीला विचारलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा शेजारच्या मुलीला! ती खुर्ची मध्ये होती तोवर त्या दोघांना एकमेकांशी बोलायला जागाच नव्हती, अक्षरशः.

तरी एक आक्षेप उरतोच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जोरदार आहे. तो असा, की बालसखीसारखी उदाहरणं दिली की सरकार आणि संस्थाचालक एवढंच ऐकतात की थोडक्या मानधनात काम होतंय, मग पूर्ण पगाराचा शिक्षक हवा कशाला? भीती खोटी नाही, ती दोनशे वर्षं जुनी आहे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांना लहान मुलांना शिकवायला बसवलं आणि 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली, तिकडे जोसेफ लँकेस्टरने 1798 पासून तसंच काहीसं चालवलं आणि एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकतो असा दावा केला. साऱ्या युरोपात त्या मॉनिटर पद्धतीचं कौतुक झालं. कौतुक कशाचं? स्वस्ताईचं. दहा-बारा वर्षांची पोरं घोकंपट्टी करून घेत होती आणि त्याला शिक्षण म्हणायचं.

पण गोष्ट तिथेच संपत नाही. त्याच इंग्लंडात 1846 मध्ये जेम्स के-शटलवर्थ ह्यांनी मॉनिटरऐवजी विद्यार्थी-शिक्षक आणले. तेराव्या वर्षी घ्यायचं, पाच वर्षांची उमेदवारी, वर्षाला 10 पौंडांपासून चढत 20 पौंडांपर्यंत वेतन, मुख्याध्यापकाने त्यांना रोज दीड तास वेगळं शिकवायचं आणि त्याबद्दल मुख्याध्यापकाला जादा पैसे, दरवर्षी इन्स्पेक्टरकडून परीक्षा, आणि शेवटी जे चमकतील त्यांना ट्रेनिंग कॉलेजची स्कॉलरशिप. त्या योजनेत खोट होतीच, तेरा वर्षांच्या पोराला वर्गावर उभं करणं मला आजिबात पटत नाही. पण हिशेब बघा ना: शिकवणारा ठरलेला, त्याचा वेळ ठरलेला, त्या वेळेचे पैसे ठरलेले, वरची पायरी ठरलेली. आज जी मुलगी असिस्टंट म्हणून लागते तिला ह्या चारातलं काय मिळतं? पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या पोराला जे दिलं ते आपण बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीला देत नाही, आणि वर म्हणतो की ह्या नोकरीत काही भवितव्य नाही. भवितव्य काय झाडाला लागतं का?

स्वस्त मजूर नकोत म्हणून मदतनीसच नकोत, हा उपाय म्हणूनच मला आळशी वाटतो. न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटी शाळांत हजारो पॅरा होते, बहुतेक काळ्या आणि पोर्तो रिकन बायका, त्याच वस्त्यांतल्या ज्यांची मुलं त्या शाळांत शिकत होती. त्यांचं आणि शिक्षक संघटनेचं फारसं सख्य नव्हतं. तरी वेल्मा हिल ह्या कार्यकर्तीने त्यांना संघटनेत आणलं आणि 1970 च्या करारात पगारवाढीबरोबर कॉलेजात शिकायची सोयही मिळवली. त्यातल्या कित्येक जणी पुढे शिक्षिका झाल्या, आणि ज्या झाल्या नाहीत त्यांनाही निदान पॅरा म्हणून धड जगता आलं. उलट दिशेचं उदाहरण पुन्हा इंग्लंडचं, शाळेतल्या सपोर्ट स्टाफचा पगार आणि अटी ठरवायला 2009 च्या कायद्याने वेगळं मंडळ केलं आणि सरकार बदलल्यावर 2010 मध्येच ते गुंडाळायची घोषणा झाली. शिडी लावता येते तशी काढूनही घेता येते, ह्यात नवल ते काय.

डिग्रीचं म्हणाल तर माझं मन दोन्हीकडे आहे, कबूल करते. अमेरिकेने 2002 मध्ये कायदा केला की गरीब वस्त्यांतल्या ज्या शाळांना केंद्राकडून निधी मिळतो त्यांतल्या शिकवण्यात मदत करणाऱ्या पॅराला कॉलेजची दोन वर्षं हवीत, किंवा तेवढी पदवी, नाहीतर परीक्षा पास. हेतू चांगला. पण जी बाई वीस वर्षं मुलं सांभाळतेय तिने पेपर द्यायचा आणि तिला वर्गातली बाई भेटायला पाच मिनिटंसुद्धा देणार नाही, ह्याने काय साधतं? फिनलंडसारखं ह्या कामासाठीच वेगळं व्यावसायिक शिक्षण असेल तर उत्तमच, ते मात्र शिक्षकी डिग्रीचं छोटं माप असू नये. त्यात डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टी असाव्यात. मुलाला फिट आली तर डोक्याखाली काय ठेवायचं आणि तोंडात काही का घालायचं नाही. कपडे बदलताना त्याला आधी विचारायचं, सांगायचं, मग हात लावायचा. मूल चावलं, त्याने मारलं तर तो राग आपल्यावर नसतो हे कसं ओळखायचं. आणि 'कुणाला सांगणार नसाल तर सांगतो' असं एखादं मूल म्हणालं तर तसं वचन कधीच द्यायचं नाही, हे तर पहिल्या दिवशीच सांगायला हवं, मला ते सांगितलेलं नव्हतं आणि मी एकदा देऊन बसले होते. कशाबद्दल ते इथे लिहिणार नाही. पुढे ते मोडावं लागलं, आणि त्या मुलीने मला बरेच दिवस तोंड दाखवलं नाही.

मग भाचीला मी काय सांगितलं? पुढे शिक्षिका व्हायचं असेल तर हे वर्ष वाया जाणार नाही, फळ्यापाशी उभं राहून जे कधीच दिसत नाही ते मागच्या बाकावरून दिसतं. शिक्षिका व्हायचं नसेल तरी चालेल, हे काम आयुष्यभर करणाऱ्या आणि उत्तम करणाऱ्या बायका मी बघितल्यात, फक्त पगाराचा आकडा ऐकून मग मायेची भाषा करायची, उलट क्रमाने नाही. आणि मुलाखतीला जाशील तेव्हा आपली तयारी दाखवून झाली की एक प्रश्न तू विचार, एवढं पाठ करून दिलं.

परवा ती एका शाळेत जाऊन आली. समोरच्या बाईंनी विचारलं, लहान मुलं आवडतात का? तिने हो म्हटलं, आणि मग उलट विचारलं, वर्गशिक्षिकेशी बोलायला आठवड्यात काही वेळ ठरलेला असतो का? बाई थांबल्या, शेजारच्या सरांकडे बघितलं. सर म्हणाले, ठरलेला असा नाही, पण ठरवता येईल की. घरी येऊन मला विचारते, मावशी, हे हो धरायचं की नाही?

म्हटलं, लेखी माग.